मीठ कोण बघणार?

गिरिजाबाईंनी कालवणाच्या टोपावरचं झाकण काढलं आणि भोवती बसलेल्या आठही बायकांनी माना दुसरीकडे वळवल्या. वास इतका सुंदर होता की तिकडे बघणंच धोक्याचं होतं. आज संकष्टी होती.

घोटाळा हरिश्चंद्र गुरुजींचा. इतिहासाचे निवृत्त मास्तर. मीरा रोडच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता की आपल्या इमारतींच्या आधीपासून इथे गावं आहेत, ती पायी हिंडून बघावीत आणि शेवटी तिथलंच काही रांधायला शिकावं. महिला मंडळानं कल्पना उचलून धरली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीतला शेवटचा रविवार ठरला. सकाळपासून काशीगावच्या गल्ल्यांतून, तळ्याच्या काठानं हिंडताना गुरुजींनी पोर्तुगिजांपासून मराठ्यांपर्यंत सगळ्या तारखा घडाघडा सांगितल्या. फक्त घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं तेवढं राहून गेलं. आता ते काशीगावातल्या गिरिजाबाईंच्या अंगणात बसून चपलेची धूळ झटकत होते, कारण उपास त्यांचाही होता.

बायका मात्र तिथी विसरल्या नव्हत्या. शिकायचंच तर आहे, खायचं कुठे आहे, असं म्हणून त्या वह्या घेऊन आल्या होत्या. हे गिरिजाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात फक्त मंगळवारी येणारी चतुर्थी धरत. त्यांचा नवरा धर्माजी पहाटे थंडीत छातीभर पाण्यात उतरला होता आणि पाहुण्यांसाठी म्हणून चांगला हातभर जिताडा घेऊन आला होता. असला मासा ते घरच्यांसाठी ठेवत नाहीत.

गिरिजाबाईंनी पळीत थोडं कालवण घेऊन पुढे केलं.

"मीठ कोन बघल?"

कोणीच हात पुढे केला नाही. मग मंडळाच्या अध्यक्षा निशिगंधाबाईंनी जरा चाचरत उपासाचं सांगितलं आणि तुम्हीच बघा ना, असं सुचवलं.

"पावन्याच्या आदी घरचं कोनी तोंड लावत न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. रागावून नव्हे, नुसतं सांगितलं. दाराशी त्यांची सासू चंपाआजी उन्हात बसली होती. तिच्या शेजारी धर्माजी ओले केस पुसत होता. दोघांच्याही पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. गिरिजाबाईंनी पळी टोपात ठेवली आणि झाकण हातात धरून त्या बसून राहिल्या. लावावं की नाही ते त्यांना ठरवता येईना.

मनोरमा शेवटच्या पाटावर होती. दोन वर्षांपूर्वी ती सोसायटीत आली, तेव्हा पहिल्याच संकष्टीला निशिगंधाबाईंनी जिन्यात विचारलं होतं, तुमचाही असेलच ना उपास? ती हो म्हणून गेली होती. एकदा हो म्हटलं की दर महिन्याला हो म्हणावं लागतं. तिच्या घरी बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत होती आणि बाहेरच्या खोलीत कोणाला काही कळण्यासारखं नव्हतं. महिन्यातून एकदा निशिगंधाबाईंकडची साबुदाण्याची खिचडी तिच्याकडे यायची आणि तिच्याकडची त्यांच्याकडे जायची. हे सगळं मोडायची तिला मनापासून भीती वाटत होती.

पण ते हातात धरलेलं झाकण तिला बघवेना. लहानपणी हिंगोलीला शाळेच्या सहभोजनाला आईनं मोठ्या हौसेनं डबा भरून नेला होता. संध्याकाळी तो जसाच्या तसा परत आला. आईनं तेव्हा झाकण असंच हातात धरून ठेवलं होतं.

मनोरमानं पाट पुढे ओढला.

"मला वाढा. भाकरीपण द्या."

"अहो मनोरमाताई, चतुर्थी आहे आज," निशिगंधाबाई हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे. आमच्यात धरत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत."

"मग दर महिन्याला..."

"तुमच्यासाठी धरत होते."

हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज जाईपर्यंत सगळ्या वह्यांत बघत राहिल्या. गिरिजाबाईंनी तांदळाची भाकरी ताटात ठेवली, वाटीत जिताड्याचा मधला तुकडा घातला, वरून रस्सा ओतला. मनोरमानं घास घेतला. तिला भूकच लागली होती. दोन वर्षांच्या चतुर्थ्यांची भूक.

"कसं झालंय?" गिरिजाबाईंनी विचारलं.

छान म्हणणं सोपं होतं. मनोरमानं आणखी एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे."

गिरिजाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी टोपात चिमटीनं मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा वाढलं. मनोरमानं मान हलवली. आता बरोबर होतं.

"पावनी जेवली," दारातून चंपाआजी म्हणाली. "आता आमाला वाढ गो."

ताटं मांडली गेली. धर्माजीनं भाकरी मोडली. इकडे बायकांनी पेनं उघडली. चिंच, लसूण, मसाला सगळं लिहून झालं होतं, मिठापुढची जागा तेवढी मोकळी होती. निशिगंधाबाई बराच वेळ वहीकडे बघत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, पण गिरिजाबाईंकडे नाही.

"वरून किती चिमटी घातलं हो, मनोरमाताई?"

मनोरमाच्या तोंडात घास होता. तिनं रश्शानं माखलेली दोन बोटं वर केली.