द्रावणाची तार

प्रयोगशाळेच्या हौदातल्या जहाजाच्या प्रतिकृतीच्या फटींतून चिकट द्रावण सुटलं, पण विरोध मोजणारा काटा तसूभरही हलला नाही. द्रावण पृष्ठभागाला बिलगलं की पाण्याचा विरोध घटायला हवा होता. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. प्रयोग दाखवणाऱ्या मॅडमनी द्रावणाच्या पिंपात बोट बुडवलं. पाकासारखी तार यायला हवी, तर नुसतं पाणी टपकलं. हे द्रावण हातानं सावकाश घोटायचं. मिक्सरनं घुसळलं की तार तुटते. घोटणारे काका सुजलेलं मनगट बाहीत लपवून कोपऱ्यात उभे होते. हात गेला तर नोकरी गेली, म्हणून गुपचूप मिक्सर लावला असणार, हे मॅडमनी ओळखलं. "कुणाची चूक?" साहेब कडाडले. "माझी. घाई नडली," मॅडम म्हणाल्या. "उद्या पुन्हा दाखवते." साहेब आणि पाहुणे गेल्यावर त्या नवं पिंप ओढून स्वतःच भराभरा घोटायला लागल्या. काका कोपऱ्यातून पुढे आले. त्यांनी डाव्या हातानं मॅडमचा हात धरला. "सावकाश, पोरी. तार तुटेल."