एक जानेवारी

"माह्या मोठ्या भावाले अजून साठ नाही लागले, साहेब. मंग मी सहासष्टची कशी?"

कमलेशनं यादीवरून मान वर केली नाही. साकोलीच्या या राईस मिलमध्ये तो सुपरवायझर होता आणि सकाळपासून हेच रडगाणं ऐकत होता. गेल्या मे महिन्यात यार्डात धान वाळवताना एक म्हातारा ऊन लागून गेला. तेव्हापासून शेठनं धसका घेतला. साठीपुढचं माणूस मिलमध्ये नको, वय आधारवरचं धरायचं, आणि घरी पाठवायचं काम कमलेशचं. कॉम्प्युटरनं सात बायांची नावं काढली होती.

समोर उभी असलेली चंद्रभागाबाई सातवी. उकडलेलं धान वाळलं की नाही हे ती नुसतं पायानं फिरवून सांगायची, आणि तिचं कधी चुकलं नव्हतं. नवरा दोन वर्षं लकव्यानं खाटेवर. काम सुटलं तर दोघांच्याही पोटावर पाय येणार, हे कमलेशला ठाऊक होतं. वाईटही वाटत होतं. पण नुसतं वाईट वाटून कुणाची चूल पेटते?

"कागदापुढं माहं काय चालते, मावशी? तुम्हीच वाढवून सांगितलं असंल, पेन्शनसाठी."

"मले कोणी विचारलंच नाही! एकोडीच्या शाळेत आधारचा कॅम्प होता. मशीनवाल्यानं साऱ्या बायाइले एकच तारीख टाकली. पाचची एसटी पकडाची होती त्याले."

कमलेशनं आधारच्या झेरॉक्स ओढल्या. सातही जणी एकोडीच्या. सातही जणींचा जन्म एक जानेवारी एकोणीसशे एकोणसाठचा.

तेरा वर्षांपूर्वी आधारचं मशीन घेऊन एकोडीला कमलेशच गेला होता. बायांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. कुणालाच जन्मसाल सांगता येईना. मग त्यानं विचारणंच बंद केलं होतं.

शेठ बाहेर वजनकाट्याजवळ उभा होता. जाऊन खरं सांगितलं असतं, तर सात बाया वाचल्या असत्या. कमलेश मात्र वाचला नसता.

"तो मशीनवाला कुठी भेटला तं विचारीन त्याले," चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाली. "काहून बापा, असं केलंस?"

"तो आता कुठी भेटते, मावशी," कमलेश म्हणाला, आणि काम सोडल्याच्या कागदावर उठवायला तिचा अंगठा धरून त्यानं शाईच्या पॅडवर दाबला.