दुसऱ्या मजल्यावरची हजेरी

“अहो, जपून! कोपरा आहे!” लेक ओरडली, तोवर आईचा गुडघा भिंतीवर आपटला होता.  प्लास्टिकच्या खुर्चीत आई कागद छातीशी घट्ट धरून बसली होती. खुर्चीची पाठ जावयाने धरली होती, पुढचे पाय लेकीने. एकोणतीस पायऱ्या झाल्या होत्या, तेरा उरल्या होत्या. खाली लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ असा कागद होता. तोही पिवळा पडला होता.

वर कचेरीत पोचताच जावयाने कंबर धरली. “आई, दिसता तेवढ्या हलक्या नाही हं तुम्ही,” तो धापा टाकत म्हणाला. कामावर उशीर होत होता. सहा वाजता न्यायला येतो म्हणून तो तसाच जिना उतरून पळाला.

लेकीला सकाळपासून आईचं काही कळत नव्हतं. कचेरीतून बोलावण्याचं पत्र आलं तेव्हाच तिने सांगितलं होतं, मुळीच जायचं नाही, काय विचारायचंय ते त्यांनी घरी येऊन विचारावं. आईने मात्र भिंग लावून पत्र वाचलं, मागची नियमावली वाचली, तीन-तीनदा वाचली. चौतीस वर्षं तिने छापखान्यात सरकारी फॉर्मची मुद्रितं तपासली होती. बारीक अक्षर दिसलं की ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नसे. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, “मला घेऊन चला.” 

पाहणी चालू होती. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांपर्यंत उपचार कितपत पोचतात, याचा अभ्यास. घरी येणारी नर्स कुणाची चालू ठेवायची आणि कुणाची बंद करायची, ते त्यावरून ठरणार होतं. आईच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती. नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन ती धुऊन बांधायची. नर्स नव्हती तेव्हा दवाखान्याच्या खेपा हुकत गेल्या, आणि दोन बोटं कापावी लागली. आता ड्रेसिंग चुकलं तर पाऊलच जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

“या आजी, बसा,” टेबलामागचा संशोधक खुर्चीतच बसलेल्या आईला म्हणाला. माणूस बोलायला गोड होता. त्याने नाव शोधलं आणि कॉम्प्युटरवर खूण केली. “हजर. छान! म्हणजे येण्याजाण्याची काही अडचण नाही.”

“अडचण नाही?” लेकीचा आवाज चढला. “उचलून आणलंय तिला! घाम दिसत नाही का माझा?”

“ताई, हजर म्हटलं की पुढचा रकाना आपोआप भरतो. त्यात मी काय करणार?”

“आणि जे येऊच शकले नाहीत ते?”

“त्यांच्यापुढे ‘सेवा नको’ असं येतं.” तो समजुतीने हसला. “एकशे बारा जण येऊन गेले. एकालाही अडचण नाही. इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.”

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वा रे अभ्यास! आला त्याला गरज नाही, नाही आला त्याला इच्छा नाही! मग नर्स मिळायची कुणाला, भिंतींना? शिकलेली माणसं ना तुम्ही? दोन मजले चढायला लावून विचारता, चालता येतं का! लाज कशी वाटत नाही?”

तो खाली मान घालून कागद सारखे करत राहिला. लेकीला रडू कोसळेल असं वाटलं. त्याच्याइतकाच तिला आईचाही राग आला. घरी बसली असती तर निदान भांडायला तरी जागा होती. आपणहून येऊन बाईने सगळं घालवलं होतं.

“झालं ओरडून?” आई म्हणाली. तिने छातीशी धरलेला कागद टेबलावर ठेवला. “साहेब, शेवटचा नियम वाचा. मोठ्याने वाचा.”

त्याने चष्मा वर केला. “‘पाहणीच्या वेळी व्यक्ती ज्या जागी असेल, तिथून तिला कुणाच्या मदतीशिवाय बाहेर पडता येत नसल्यास, त्या जागी तिची सेवा चालू ठेवावी.’ अहो आजी, हे जुनं आहे. आम्ही घरोघरी जायचो तेव्हाचं.”

“रद्द केलंय?”

“नाही... राहून गेलंय वाटतं.”

“मग लागू आहे. मी इथे आहे. आणि इथून मला एकटीला बाहेर पडता येत नाही. नोंदवा.”

“लेक नेईल की तुम्हाला!”

आईने लेकीकडे पाहिलं. आत्ता कुठे लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने खुर्चीवरचा हात काढला आणि बाजूच्या बाकावर ऐसपैस बसली.

“मला एकटीला नाही बाई झेपत,” ती म्हणाली. “तुम्ही उचलता का?”

संशोधकाने आईकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग शेवटच्या नियमाचा रकाना उघडला आणि खूण केली. पडद्यावर ‘सेवा चालू ठेवावी’ अशी ओळ उमटली. खाली जागेचा पत्ता भरायचा होता.

“पत्ता?” त्याने हळूच विचारलं.

“दुसरा मजला, तुमचं टेबल,” आई म्हणाली. “आणि नर्सबाईंना आधीच सांगून ठेवा, लिफ्ट बंद आहे.”