नळाचा नल

सरांनी प्रूफ तिच्या टेबलावर ठेवलं आणि लाल पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं.

"बाई, नळाचा नल झालाय. आता यातून पाणी कसं येणार?"

पुस्तक घरगुती दुरुस्तीचं होतं. पानापानाला नळ आणि गळती. दोनशे ळ तिनं नीट पाहिले आणि एक निसटला. सरांच्या नजरेतून तो निसटणं शक्यच नव्हतं. तेरा वर्षं ती त्यांच्यासमोर बसून प्रूफं तपासत होती, आणि तेरा वर्षांत त्या माणसाची एक मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती. अख्खं ऑफिस पाठीमागे त्यांना 'रफार' म्हणायचं, कारण ते कायम कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले असायचे. नाव तिनंच ठेवलं होतं. तेवढाच काय तो सूड.

चुकीचं खरं कारण मात्र ती त्यांना सांगू शकत नव्हती. ळ च्या जागी ल आला तर तिचा डोळा अडखळायचाच नाही. ही सवय लावली होती 'गप्पांचा फला'नं.

इंटरनेट कॅफेत तासाच्या हिशेबानं बसायचे दिवस होते तेव्हाची, बावीस वर्षांपूर्वीची ही वेबसाइट. कुणा हौशी माणसानं बनवलेली, आणि तिच्या फॉन्टमध्ये तो बिचारा ळ घालायलाच विसरला होता. फळ्याचा फला झाला तो कायमचा. लोक तिथं 'सकाली' यायचे, 'संध्याकाली' भांडायचे आणि जाताना 'कालजी घे' लिहायचे. खरं नाव कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. ती होती खारूताई. तिचा दोस्त होता मुंगूस.

परीक्षेत दुसऱ्यांदा आपटून ती दार लावून बसली होती, घरच्यांनी तर तिचा नादच सोडला होता, तेव्हा हा मुंगूस महिनाभर रोज तिच्याशी बोलत राहिला. मला सगळीकडे चुकाच दिसतात, दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा, असं तिनं एकदा रडकुंडीला येऊन लिहिलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, 'चुका दिसणं हा आजार नाही, वेडे. धंदा आहे. प्रूफं तपास.' तिनं तपासली. पहिल्या नोकरीची बातमी द्यायला धावत गेली, तर फला बंद पडलेला. ना निरोप, ना पत्ता. आभार मानायचे राहिले ते राहिलेच, आणि ते तिला अजून टोचायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली. तो सगळ्यांचा सामाईक, शब्द शोधायला ठेवलेला. हल्ली तो काहीच्या बाही व्हिडिओ सुचवायचा. गेल्या आठवड्यात गंजलेल्या कात्र्या, आज गंजलेलं कुलूप. एक म्हातारा चकार शब्द न काढता तेरा मिनिटं ते घासत होता. हे मागितलं कुणी, असं पुटपुटत तिनं व्हिडिओ लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. खाली कॉमेंट्समध्ये नेहमीचा गोंधळ. एक जण 'पहिला मी' म्हणून नाचत होता, प्रत्यक्षात तो चाळिसावा. दोघं जण कुठलं तेल चांगलं यावरून एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले होते. त्यांच्या खाली एक ओळ होती.

'डोल्यांचं पारणं फिटलं. माझंही कुलूप असंच मोकलं झालं. कालजी घ्या. – मुंगूस'

तिचा घास हातातच राहिला. मुंगूस नावाचे लोक छप्पन्न असतील, पण आजच्या काळात हट्टानं 'डोल्यांचं' लिहिणारा एकच. तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. तिनं स्वतःच्या फोनवरून तिथंच उत्तर लिहिलं. 'मुंगसा, मी खारूताई. तुझं ऐकलं रे, प्रूफंच तपासते. डोक्यावर एक रफार बसलाय, आजच नलावरून झाडलं त्यानं. पण हे काम मला तुझ्यामुले मिलालं, आणि मला ते फार आवडतं. आभार मानायला बावीस वर्षं उशीर झाला. कालजी घे.'

दुपारभर ती दर पाच मिनिटांनी फोन पाहत होती. उत्तर नाही. चारच्या चहाला सरांना फोन बघता बघता जोराचा ठसका लागला, चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. कुणाचा तरी ऱ्हस्व उकार घशात अडकला असेल, असं तिला वाटलं. सहाला त्यांनी ड्रॉवरच्या कुलपाची किल्ली फिरवली. एरवी ते कुलूप अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं कुरकुरायचं, आज गप्प होतं. सर तिच्याकडे न बघताच निघून गेले.

सकाळीही उत्तर नव्हतं. आपण भलत्याच मुंगसाला गाठलं की काय, या विचारानं ती खट्टू होऊन ऑफिसात आली. टेबलावर तिची प्रूफं परत आलेली. समोर सर मान खाली घालून वाचत होते, पण त्यांचे कान लालबुंद झाले होते आणि पान काही केल्या उलटत नव्हतं.

तिनं प्रूफं चाळली. नल पुन्हा नळ झाला होता. गळतीही जागच्या जागी. शेवटच्या पानावर मथळा होता, 'दुरुस्तीनंतर घ्यायची काळजी'. त्यातला चांगला, बरोबर छापलेला ळ लाल पेनानं खोडला होता. समासात, त्याच काटेकोर अक्षरात, लिहिलं होतं 'ल'.

आणि त्याच्या शेजारी, अगदी बारीक: 'खारूताई, पाणी आलं. – रफार'