डिशचा प्लग

वाऱ्याने उपग्रह इंटरनेटची डिश हलली की शेअरचे भाव पडद्यावर गोठत, म्हणून सुतार छपराच्या पत्र्यावर ती दोन्ही हातांनी धरून उभा होता. आत लॅपटॉपसमोर त्याची बायको घामेजली. सगळी शिल्लक ज्या शेअरमध्ये गुंतवली, तो घसरत होता. विक्रीचे बटण दाबले, तरी पडद्यावर चक्रच फिरत होते. टेकडीवर वीज कोसळली. "अगं, विकलेस का?" वरून हाक आली. "अहो, आधी उतरा!" "तुझं उरकल्याशिवाय मी हलायचा नाही!" दुसऱ्या विजेने समोरचे झाड पेटले. तिने भिंतीतून डिशचा प्लग उपटला. चक्र विझले, शेअर विकायचे राहिले. "विकले हो! उतरा!" शिडी करकरली. निथळत तो दारात आला. "आहे ना माझ्या हाताला यश?" "आहे तर," ती म्हणाली, आणि पाठीमागे लपवलेला प्लग मुठीत आवळला.