टरबुजाची सुरी

अभिमन आबांनी सातवी सुरी परत ठेवली. "हिची पण मूठ मोठी आहे, शेठ."

सुगनचंद शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. जळगावच्या बाजारातलं त्यांचं दुकान लोखंडी सामानाचं: कुदळी, विळे, बैलांच्या साखळ्या. शेठ जैन. शिकारीची सुरी हे शब्द त्या दुकानात कुणी काढत नसे. म्हणून गेली तीस वर्षं आबा चोपड्याकडून एसटीनं यायचे आणि टरबूज कापायची सुरी मागायचे. शेठ विचारायचे, "यंदा टरबुजं केवढी?" आबा दोन्ही हात पसरून चांगलं रानडुकराएवढं माप दाखवायचे. दोघांपैकी कुणी हसायचं नाही. शेठ मान फिरवून सुरी कागदात गुंडाळायचे.

आज मात्र आबा आले ते सरळ म्हणाले, "शेठ, जंगलात वापरायची सुरी पाहिजे. टिकाऊ, पण परवडेल अशी."

शेठनी इकडेतिकडे बघितलं होतं आणि गुपचूप एकेक सुरी काढायला सुरुवात केली होती.

"तुमचा पंजा तर एवढा," आता ते म्हणाले. "मग मूठ मोठी कशी होते?"

"माझ्यासाठी नाही."

शेठनी एक चकचकीत सुरी पुढे केली. स्टेनलेसची, लाल मूठ, चामड्याचं म्यान. आबांनी धार अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती घसरली. पात्यावर टिचकी मारली. आवाज बसका आला.

"ही फोटो काढायला चांगली," आबा म्हणाले.

मग शेठ वाकले आणि खालच्या खणातून त्यांनी एक काळपट सुरी काढली. पारोळ्याच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली. पातं वीतभर, पाठ जाड, आणि पोलाद मुठीतून थेट शेवटपर्यंत गेलेलं. बाभळीची मूठ बारीक होती, तिला तीन पितळी खिळे. किंमत त्या चकचकीत सुरीच्या निम्मी. नखावर ती जागच्या जागी रुतली. आबांनी टिचकी मारली, तर पातं कितीतरी वेळ वाजत राहिलं.

हा आवाज पहिल्यांदा चुडामणनं ऐकवला होता. चुडामण आबांचा जोडीदार. दोघांकडे बंदूक कधीच नव्हती. उनपदेवच्या पलीकडच्या नाल्यांमध्ये ते फास लावायचे आणि पहाटे बघायला जायचे. थंडीनं बोटं वाकत नसत. दगडाआड काटक्या पेटवायच्या, कळण्याची भाकरी त्यावर शेकायची, आणि मिरचीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की चुडामण म्हणायचा, धूर फार आहे. नऊ वर्षांची पुष्पा, आबांची एकुलती एक पोरगी, हट्टानं मागे यायची. ओल्या वाळूतला माग बघून ती सांगायची, ससा इथं थांबला, इथं दचकला, इथून पळाला. "ही पोरगी आपल्या दोघांच्या पुढे जाईल," असं चुडामण म्हणायचा.

त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या दहाव्यालाच आबांनी घरात सांगून टाकलं होतं की शिकार सोडली. पुष्पाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

"भाऊ, या वयात कुणाला शिकवायला निघालात?" शेठनी हळूच विचारलं. "कायदा आता पहिल्यासारखा राहिला नाही."

"माहीत आहे, शेठ. हीच द्या."

आबा घरी पोचले तेव्हा पुष्पा ओट्यावर बसून खाकी शर्टाचं बटण घट्ट करत होती. वनरक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र येऊन आठवडा झाला होता. गावातून त्या नोकरीत जाणारी ती पहिलीच मुलगी. उद्यापासून ड्यूटी होती, आणि तिच्या वाट्याला उनपदेवच्या पलीकडचंच जंगल आलं होतं.

आबांनी सुरीची कागदी गुंडाळी तिच्यापुढे ठेवली. तिनं सुरी मुठीत धरली, मनगट फिरवून बघितलं.

"हाई तं मना हातनीच सुरी शे, आबा."

"फास कापाले लागी."

ती हसली, सुरी बाजूला ठेवून तिनं पुन्हा सुई घेतली. आबा तिच्या समोर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"सकाय मी तुनासंगे येस."

"कसाले? माले बठ्ठा नाला माहीत शेतस."

"नाला माहीत शेतस. फास कोठे शेतस ते माहीत नही." आबा थांबले. अख्ख्या एसटीच्या प्रवासात त्यांनी हे वाक्य जुळवलं होतं, तरी आता ते तुटकच बाहेर आलं. "पाच शेतस. त्यामां दोन मना. यंदानाच."

पुष्पाच्या हातातली सुई तशीच राहिली. दोन फास आबांचे स्वतःचे; चार वर्षं ते पहाटे शेतावर म्हणून जात होते. ती उठली. आत गेली. आबांना वाटलं, आता ती बाहेर येणार नाही.

ती आली. अंगात खाकी शर्ट होता, हातात सरकारी डायरी. ती आबांसमोर बसली आणि तिनं कोरं पहिलं पान उघडलं. घरात ती आबांशी जन्मभर अहिराणीतच बोलत आली होती.

"नाव पूर्ण सांगा," ती सरकारी मराठीत म्हणाली.

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पाठ सरळ केली, आणि वडिलांच्या नावासकट सांगितलं.