जपलेलं लुगडं

धाड गावच्या बचत गटानं एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिषदेसाठी सुती पिशव्या शिवल्या आणि मळू नयेत म्हणून कौतुकानं चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. न्यायला आलेल्या खरेदी अधिकारी स्वरदाताई हळहळल्या, “प्लास्टिक आम्हाला चालतच नाही हो. जुन्या कापडात बांधून द्या.” गटातल्या केसरबाईची जुनेरं गोधड्यांत गेली होती. उरलं होतं सासूचं मऊ लुगडं, तान्ह्या नातवंडाला गुंडाळायला जपलेलं. सुनेला येऊन कैक वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. केसरबाईनं मात्र तिला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. “कापडच तं हाय,” म्हणत तिनं कात्री उचलली. शेजारी बसलेल्या सुनेनं तिचा हात धरला. “कापू नका, आई. आता लागन ते.” केसरबाईनं कात्री टाकून आपली पेटी उघडली. “अवं, हे तं नवंकोरं हाय!” बाया ओरडेपर्यंत तिनं स्वतःचं ठेवणीतलं लुगडं टराटरा फाडलं होतं.